तार तुटणारच नाही, असं धरून

परभणीच्या मे महिन्यात मॅडमच्या घरी कूलर एकच होता, आणि तो कॉम्प्युटरकडे तोंड करून ठेवलेला असायचा. माणसं ओसरीत बसून पेपरनं वारा घ्यायची. एखादा नवखा पाहुणा कूलर जरा इकडं वळवा म्हणाला, तर मॅडम शांतपणे सांगायच्या, "त्याचं काम चालू आहे. तुम्ही काय, नुसते बसलात." पाहुणा पाणी पिऊन उठायचा. कॉम्प्युटरचं काम चालूच असायचं.

ते काम म्हणजे काय, हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. प्रोग्राम लिहिणारा माणूस तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. मशीनला ती भाषा कळत नाही. मधे एक दुभाष्या लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. तुम्ही-आम्ही आयते भाषांतर झालेले प्रोग्राम घेतो आणि वापरतो. मॅडम घेत नसत. त्यांच्या लिनक्स मशीनवरचा एकूण एक प्रोग्राम, साधं घड्याळसुद्धा, त्या मूळ लिखाणावरून घरी घडवायच्या. दुभाष्याला आपल्याला सूचना देता येतात. त्यांना फ्लॅग म्हणतात. नीट कर, अशी एक सूचना असते. जरा जोरात कर, अशी दुसरी. आणि एक असते ती अशी, की कसंही कर पण वेगात कर, वाटेत जे जे फालतू दिसेल ते उडवून टाक. मॅडमचा दुभाष्या कायम या तिसऱ्या सूचनेवर धावत असायचा.

"बाजारचं पीठ मी कधी आणलं नाही," त्या सांगायच्या, "मग बाजारचा प्रोग्राम का आणू? त्यांनी सगळ्या देशाला एकाच मापाचं शिवलंय. माझ्या प्रोसेसरचं माप घ्यायला कुणी आलं होतं का?"

इंटरनेटचा ब्राउझर घडवायला घातला की मॅडम नांदेडला लग्नाला जायच्या, आहेर करून, जेवून परत यायच्या. तोवर मधे लाईट गेलेली असायची. मग पुन्हा पहिल्यापासून. अखेर तो झाला की मला वरच्या खोलीतून हाक मारायच्या आणि म्हणायच्या, बघ कसा उघडला. मी बघायचो. मला तो माझ्या आयत्या ब्राउझरसारखाच उघडलेला दिसायचा. तसं म्हटलं की त्यांचा निर्णय ठरलेला होता. माझी नजर हळू आहे.

मी त्यांचा भाडेकरू होतो आणि त्याआधी सहकारी. एका खासगी कॉलेजात त्या गणित आणि कॉम्प्युटर शिकवायच्या, मी त्यांच्या हाताखाली लागलो. त्या निवृत्त झाल्या आणि मी त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत राहायला आलो. आता त्या हैदराबादला भाचीकडे असतात. मी चाळिशी ओलांडली आहे, परभणीतच आहे, आणि मला फार बोलायची सवय नाही. लिहायची तर त्याहून नाही.

'फिजूल' हा मॅडमचा लाडका शब्द होता. फोनवर हॅलो म्हणणं फिजूल, कारण फोन उचलला याचा अर्थच हॅलो. त्यामुळे त्यांचा फोन वाक्याच्या मधूनच सुरू व्हायचा: "आणि येताना कोथिंबीर आण." 'ठेवते' हेही फिजूल. आपण अजून बोलत असताना पलीकडे त्या गेलेल्या असायच्या. वर्गात हजेरी घेणं फिजूल. जो आहे तो दिसतोच, जो नाही तो ओ देणार नाही. सहा चपात्या लाटणं फिजूल, म्हणून त्या तवाभर एकच चपाती लाटायच्या आणि तिचे सुरीनं तुकडे करायच्या. चहाला पाणी, दूध, साखर, पत्ती सगळं एकदम भांड्यात. खरं सांगायचं तर तो चहा चांगला लागायचा, आणि याचं मला वाईट वाटायचं.

घराला कुलूप नव्हतं. म्हणजे कुलूप होतं, किल्ली कुठं होती ते कुणाला ठाऊक नव्हतं. चोर येणारच नाही, असं त्या धरून चालायच्या. गॅस चालू राहिलेला नसणारच, एसटी चुकणारच नाही, पाऊस आपण घरी पोचेपर्यंत थांबणारच. आणि वैताग असा, की चोर यायचा नाही, एसटी चुकायची नाही, आणि पाऊस थांबायचा.

मी याच्या अगदी उलट. कुलूप लावलं की ओढून बघायचं, जिना उतरलो की परत चढून बघायचं, कोपऱ्यावर गेलो की गॅस आठवायचा. मॅडम ओसरीतून हे सगळं बघत बसायच्या. त्यांनी माझं नावच ठेवलं होतं, खातरजमा साहेब. "काय खातरजमा साहेब, आज किती फेऱ्या?" भाजीवालासुद्धा मला त्याच नावानं ओळखायला लागला होता.

त्यांच्या वेगाची फजिती झाली नाही असं नाही. पालमच्या एका शाळेत जुने कॉम्प्युटर आले होते, कुठल्याशा ऑफिसनं टाकून दिलेले. पोरांना गणिताचा सराव करता येईल असा प्रोग्राम मॅडमनी तयार केला आणि घरी आपल्या मशीनवर, आपल्या मशीनच्या मापानं, जोरात घडवला. आम्ही दोघं एसटीनं पालमला गेलो. खडूची धूळ पुसून कॉम्प्युटर चालू केले, प्रोग्राम घातला. एकाही मशीनवर तो उघडला नाही. पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ यायची, की ही आज्ञा बेकायदा आहे. खरी गोष्ट साधी होती. मॅडमच्या नव्या प्रोसेसरला जे येतं ते या म्हाताऱ्या प्रोसेसरांना येत नव्हतं. पण हेडमास्तर ती ओळ वाचून खोलीबाहेर गेले आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सर, बेकायदा म्हणायलंय ते. माझी कुठं सही तर न्हाई ना लागणार?"

मॅडमनी हे ऐकलं आणि खुर्चीत बसून पोटभर हसल्या. मग तिथंच बसून, त्या शाळेच्या सगळ्यात म्हाताऱ्या मशीनवर, त्याच्या मापानं प्रोग्राम पुन्हा घडवला. दुपार गेली. पोरं खिडकीला नाक लावून बघत होती. येताना एसटीत मी म्हटलं, आधी एकदा जुन्या मशीनवर तपासून बघितलं असतं तर. त्या म्हणाल्या, बघितलं असतं तर हेडमास्तरांचा चेहरा कसा बघायला मिळाला असता?

अशा माणसाशी वाद घालता येत नाही. मी घालणं सोडलं होतं. तीच माझी चूक झाली म्हणा, किंवा सोय.

शोभा भेटली तीही एसटीतच. मॅडम जिंतूरकडं निघाल्या होत्या, नेहमीप्रमाणे उतरायला सोपं जावं म्हणून दाराशी उभ्या. शोभाही उभी होती, हातात तुतीच्या काड्यांची मोळी. मोळीवरून बोलणं निघालं आणि बोरी येईपर्यंत मॅडमनी तिला खोलीची ऊब सांभाळणारं एक मशीन कबूल करून टाकलं.

शोभा आणि तिचा नवरा दत्ता बोरीचे. थोडं रान, त्यात तुती लावलेली. दरवर्षी दिवाळी झाली की दोघं ऊसतोडीला जायचे ते उन्हाळा लागेपर्यंत. शोभानं रेशमाचं ट्रेनिंग घेतलं होतं आणि त्या वर्षी तिनं घरात हट्टानं मुकादमाला नाही म्हणून सांगायला लावलं होतं. तिला चॉकी करायची होती. रेशमाच्या अळ्या अंड्यातून निघाल्या की पहिले काही दिवस फार नाजूक असतात. तेवढे दिवस त्यांना उबदार खोलीत तुतीचा कोवळा पाला बारीक चिरून घालायचा, वाढवायचं आणि मग गावोगावच्या शेतकऱ्यांना द्यायचं, याला चॉकी म्हणतात. खोलीची ऊब सांभाळणं हाच त्यातला सगळा जीव. आणि आमच्याकडच्या उन्हाळ्याचा एवढा बोलबाला, की आमच्याकडं थंडी किती कडक पडते हे कुणाला खरं वाटत नाही. ही पहिली बॅच नीट निघाली तर पुढं ऊसतोडीला जायचं नाही, असं ठरलं होतं. सासूला हे पटलेलं नव्हतं. जावेला तर अजिबात नाही.

प्रोग्राम मी लिहिला. अगदी साधा. खोलीत एक सेन्सर टांगायचा, तो तापमान सांगेल. कमी असेल तर हिटर चालू कर, जास्त असेल तर बंद कर. आणि मी माझ्या स्वभावाप्रमाणे त्यात आणखी एक गोष्ट घातली. समजा तार तुटली, सेन्सरकडून काही आलंच नाही, तर मशीनला आकड्याच्या जागी एक खूण मिळते: हा आकडा नव्हे. ती खूण दिसली की लगेच हिटर बंद कर आणि भोंगा वाजव, असं मी लिहिलं. घरी साध्या सूचनेनं तो घडवून, टेबलावर सगळं मांडून मी तार उपटून बघितली. भोंगा वाजला. पुन्हा जोडून पुन्हा उपटली. मॅडम खालून ओरडल्या, की कळलं, आता झोप.

बोरीला मशीन बसवायला गेलो तेव्हा मॅडमनी पालमचा धडा घेतलेला होता. कॉलेजनं भंगारात काढलेला एक जुना कॉम्प्युटर आम्ही नेला होता, आणि प्रोग्राम त्याच मशीनवर, त्याच्याच मापानं घडवायचा असं त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं. पण सूचना मात्र त्यांनी नेहमीचीच दिली. घमेलंभर वाळू उचलायला क्रेन आणावी तसं ते होतं. तापमान काही पळत नव्हतं, की त्याला पकडायला वेग लागावा.

मी पडद्यावर त्या सूचनेची ओळ सरकताना बघितली. त्या सूचनेच्या पोटात आणखी एक सूचना येते, आकडेमोड वेगात करायची. तिच्याबद्दल मी वाचलेलं होतं. ती दुभाष्याला सांगते, की 'हा आकडा नव्हे' असली खूण कधी येणारच नाही असं धरून चाल. वाचलं होतं म्हणजे पुसटसं, एखाद्या सरकारी पाटीसारखं. माझ्या मनात आलं, आता तार एकदा उपटून बघावी.

मी तारेला हात लावलाही. तेवढ्यात मॅडम शोभाला म्हणाल्या, "हे बघ, हे आमचे खातरजमा साहेब. घराचं कुलूप ओढून ओढून सैल केलंय त्यांनी. आता तुझी तारपण सैल करतील."

शोभा हसली. दत्ता हसला. मीही हसलो आणि हात मागं घेतला.

हे मी मॅडमना कधी सांगितलेलं नाही. बाकीचं सगळं सांगितलं, हे नाही. त्यांनी थट्टा केली म्हणून मी थांबलो असं म्हणणं म्हणजे त्यांच्यावर ढकलणं, आणि ते खरंही नाही. त्यांनी तशी थट्टा आयुष्यभर केली आणि मी तरी कुलूप ओढतच राहिलो. त्या दिवशी थांबलो, कारण शोभा मला 'सर' म्हणत होती, मोठ्या इंजिनियरकडं बघावं तशी बघत होती, आणि मला तेवढा वेळ कुलूप ओढणारा माणूस व्हायचं नव्हतं. एवढंच. लिहिताना फार लहान दिसतं ते.

अळ्या निघाल्या. शोभाचा मॅडमना फोन आला आणि त्यांनी तो नेहमीप्रमाणे मधेच ठेवला, पण चेहरा खुलला होता. काही दिवस सगळं ठीक चाललं. मग एके दिवशी सकाळच्या थंडीत हिटर चालू असताना शोभा आणि दत्ता पाला तोडायला रानात गेले. खोलीत उंदरानं सेन्सरची तार कुरतडली. दोघं दुपारी परत आले, दार उघडलं, तर आतून भट्टीसारखी झळ आली.

आम्ही पोचलो तेव्हा खोलीचं दार उघडंच होतं. ट्रेमध्ये अळ्या होत्या तशाच, पाल्यावर, फक्त हलत नव्हत्या. आदल्या दिवसापर्यंत त्या खोलीत कान दिला तर पावसासारखा बारीक आवाज यायचा म्हणे, त्यांच्या खाण्याचा. शोभा चौकटीला टेकून उभी होती. दत्ता तिच्यावर ओरडत नव्हता, हळू बोलत होता, ते जास्त वाईट होतं. "तुला कवाचं म्हणलो, पिंजरा लाव. उंदरं व्हायलेत म्हणलो. पाल्याचं पोतं हितं कुणी ठिवलं?" सासू अंगणातून म्हणाली, की घरात कुणाचं ऐकायचंच न्हाई म्हणल्यावर असंच व्हणार. भिंतीपलीकडं जावेचं काम थांबलेलं ऐकू येत होतं.

मॅडमनी शोभाच्या पाठीवर हात ठेवला आणि उंदराला दोष दिला. असं पुन्हा होत नसतं, म्हणाल्या. मी तारेचं कुरतडलेलं टोक हातात धरून उभा होतो. तार तुटली होती तर हिटर बंद व्हायला हवा होता. भोंगा वाजायला हवा होता, रानापर्यंत नाही तरी शेजारपर्यंत. हा विचार माझ्या डोक्यात तिथंच आला. तोंडात आला नाही.

संध्याकाळी घरी येऊन मी तोच प्रोग्राम मॅडमच्या सूचनेनं घडवला आणि तार उपटली. हिटरच्या जागी लावलेला दिवा जळतच राहिला. दुभाष्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला सांगितलं होतं की ती खूण कधी येणारच नाही. येणारच नाही तर तिची तपासणी फिजूल. त्यानं माझी तपासणी उडवून टाकली होती. मग आकड्याच्या जागी खूण आल्यावर मशीन विचारायचं, हे कमी आहे का? नाही. जास्त आहे का? नाही. मग आहे ते राहू दे. हिटर चालू होता, चालूच राहिला.

मी मशीन बंद केलं आणि काही बोललो नाही. उद्या सांगू म्हटलं. उद्या शोभाच्या घरी वाद चालू असल्याचं कळलं, म्हटलं निवळू दे. मग कळलं, की ते दोघं दुसऱ्या एका टोळीत घुसून ऊसतोडीला निघून गेले. म्हटलं, आता सांगून काय उपयोग. न सांगण्याची कारणं शोधायला माझ्यासारखा चिकाटीचा माणूस नाही. दरम्यान बोरीत ती गोष्ट पक्की झाली होती: शोभीनं उंदरं पाळली, अळ्या मारल्या. पुढच्या पावसाळ्यात मी बोरीच्या स्टँडवर चहा प्यायला उतरलो, तर टपरीवाल्याकडून हेच ऐकलं. चहा अर्धा ठेवून उठलो.

त्यानंतर लवकरच चारठाण्याचा एक शेतकरी मॅडमकडं आला. त्यालाही चॉकी करायची होती, तसलंच मशीन हवं होतं. मॅडम खूश. कूलर कॉम्प्युटरकडं होता, मॅडम घामाघूम होत्या, आणि पडद्यावर प्रोग्राम घडत होता. त्याच सूचनेनं. तो शेतकरी ओसरीत बसून आपल्या धाकट्या पोरीबद्दल काहीतरी सांगत होता. तो गेल्यावर मी आत गेलो.

"मॅडम, तार उपटून बघा."

"झालं का तुझं सुरू?"

"एकदा बघा."

माझा आवाज नेहमीसारखा नसावा. त्यांनी थट्टा केली नाही. तार उपटली. टेबलावरचा दिवा जळत राहिला. त्यांनी पुन्हा जोडली, पुन्हा उपटली. मॅडमनी एखादी गोष्ट दुसऱ्यांदा तपासलेली मी पहिल्यांदाच बघत होतो. मग त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत न लावता हातातच धरला.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"बोरीपासून."

त्या ओरडतील असं मला वाटलं होतं. मला ते हवं होतं. त्या दिव्याकडं बघत म्हणाल्या, "त्या पोरीला उंदीर म्हणून सांगितलं मी." आणि मग, "सकाळची गाडी कितीला आहे?"

शोभा घरीच होती. चॉकीच्या खोलीत आता कडबा भरला होता आणि दाराशी शेळी बांधली होती. ती ऊस तोडून काळवंडली होती. मॅडम मला म्हणाल्या, आधी तू सांग. मी सांगितलं. खाली बघून, जमेल तेवढ्या कमी शब्दांत.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "मंजे उंदरानं तार तोडली ते खरं. पर तोडली तरी हिटर बंद व्हायला पायजे होता."

"हो."

"आन् तुमाला कवा कळलं?"

"त्याच दिवशी. संध्याकाळी."

तिनं शेळीपुढचा पाला सारखा केला. मला वाटलं, आता आपल्याला जा म्हणेल, आणि मी जायला तयार होतो. ती पदर खोचून उठली आणि म्हणाली, "ते मागं गोठ्यात हायेत. त्यांना सांगा."

दत्ताला सांगितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, बायकोकडंही नाही. दावं हातात घेऊन नुसताच उभा राहिला. "आता आत्याबाईला," शोभा म्हणाली. सासू बाजेवर बसून लसूण सोलत होती. तिला दुभाष्या आणि खूण वगैरे समजावताना माझी फार ओढाताण झाली. तेव्हा मॅडम पुढं आल्या.

"मावशी, सोपं आहे. मशीनला सांगून ठेवलं होतं, की तार कधी तुटणारच नाही असं धर."

सासूनं लसणाची पाकळी खाली ठेवली. "असं कोण सांगतं व्हय?"

"मी सांगितलं," मॅडम म्हणाल्या.

मग जावेच्या घरी. मग चुलत सासऱ्याच्या. शोभा पुढं चालायची, दारात थांबायची, आणि मी आत जाऊन तेच सांगायचो, आणि माझं झालं की मॅडम आपलं वाक्य सांगायच्या, की ती सूचना मी दिली होती. प्रत्येक घरी चहा. नाही म्हणायची सोय नव्हती. दोन-तीन घरांनंतर मला ते नीट सांगता यायला लागलं होतं. शेवटी ती आम्हाला पारावर घेऊन आली, जिथं माणसं बसलेली असतात, आणि स्वतः लिंबाखाली उभी राहिली. मी सुरुवात केली. एक म्हातारे म्हणाले, मास्तर, ऐकू येईना. मी शोभाकडं बघितलं. तिनं मान हलवली, मोठ्यानं म्हणून. इतक्या मोठ्यानं मी वर्गातही कधी बोललेलो नाही.

परत घरी आलो तेव्हा दत्तानं कुणी न सांगताच अर्धा कडबा बाहेर काढला होता. जुना कॉम्प्युटर पोत्याखाली होता तिथंच होता. मॅडम खाली मांडी घालून बसल्या आणि प्रोग्राम पुन्हा घडवला, सगळ्यात साध्या, सगळ्यात सावकाश सूचनेनं. तो घडेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. मी नवी तार जोडली. तापमानाची मर्यादा वाढवली, तेव्हा हिटर चालू झाला. मग मी तार उपटायला हात पुढं केला.

"थांबा," शोभा म्हणाली. ती आत गेली आणि ऊसतोडीचा कोयता घेऊन आली. तार उंबऱ्यावर धरली आणि एका घावात तोडली.

हिटर विझला. भोंगा असा वाजला की शेळीनं दावं ताणलं आणि भिंतीपलीकडून जाऊ धावत आली. दत्ता भोंगा कसा बंद करायचा ते शोधत होता. शोभानं त्याला बंद करू दिला नाही. बराच वेळ तशीच ऐकत उभी राहिली, कोयता हातात.

"पुढच्या खेपंला लांब तार आणा, सर," ती म्हणाली. "मला अजून तोडून बघायचीय."